फ्यूजकाकांचा हॉटस्पॉट

माणूस खात्यातून निवृत्त होतो, पण खातं माणसातून निवृत्त होईल याची हमी कुणी देत नाही. फ्यूजकाकांना वीज खात्यातून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती. तरी अजून कुणाच्या घरी गेले की ते आधी मीटर कुठे आहे ते बघत आणि मग घरातली माणसं कुठे आहेत ते. दक्षता पथकात होते. वीजचोर पकडणं हे त्यांचं काम होतं, आणि काम संपल्यावर तो त्यांचा छंद झाला. इमारतीत माघारी आपल्याला फ्यूजकाका म्हणतात हे त्यांना माहीत होतं. नावात आदर आहे असा त्यांचा समज होता आणि तो दूर करण्याइतका मोकळा वेळ इमारतीत कुणाकडे नव्हता.

अशा माणसाच्या घरचं इंटरनेट नेमकं त्याच दिवशी बंद पडावं, ज्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांच्या बायकोची परीक्षा होती!

परीक्षा वाचनाची होती. काकूंच्या सासूबाईंची, म्हणजे फ्यूजकाकांच्या आईची, दृष्टी गेल्यापासून काकू त्यांना रोज दुपारी वाचून दाखवत. वर्तमानपत्र, कादंबऱ्या, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, हाताला लागेल ते. गेल्या वर्षी सासूबाई वारल्या. तेव्हापासून काकू दुपारी सवयीने पुस्तक उघडत, दोन ओळी मोठ्याने वाचत आणि ऐकायला कुणी नाही हे लक्षात येऊन मिटून ठेवत. परगावी राहणाऱ्या लेकीने हे पाहिलं, आईचा आवाज गुपचूप रेकॉर्ड केला आणि बोलती पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीला पाठवून दिला. कंपनीला तो आवडला. आता तीन परीक्षक लॅपटॉपवरून काकूंचं वाचन ऐकणार होते. उतारा पडद्यावर येणार आणि काकूंनी तो तिथल्या तिथे वाचायचा. पसंत पडला तर घरबसल्या पुस्तकं वाचायचं काम. असं काही आयुष्यात पहिल्यांदाच काकूंकडे चालून आलं होतं, आणि पुन्हा येईल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. आठवडाभर त्या गार पाण्याला शिवल्या नव्हत्या.

आणि आदल्या दिवशी रस्ता खणणाऱ्या मंडळींनी पाण्याची गळती शोधता शोधता इंटरनेटची केबल शोधून काढली आणि तोडून टाकली. गळती अजून सापडायची होती. केबल कंपनीला फोन केला की "तक्रार नोंदवली आहे" असं एक बाई अतिशय गोड आवाजात सांगे. तक्रार नोंदवली की काम झालं, अशी या लोकांची प्रामाणिक समजूत असते. फ्यूजकाकांना तो प्रकार मनातून पटलाही. खात्यात त्यांनीही आयुष्यभर तेच केलं होतं.

सकाळी समोरच्या दारातली शिकवणीवाली आली. मुलांना गणित शिकवून ती आणि तिची आई असं दोघींचं घर चालवणारी, बोलायला फटकळ पण मनाने सरळ अशी मुलगी.

"काकू, तुमचं नेट गेलंय ना? माझं वेगळ्या कंपनीचं आहे, चालू आहे. चार वाजता माझ्याकडेच या. मी वर्ग तासभर पुढे ढकलते. नाहीतर इथून जोडून घ्या, तुमच्या खोलीपर्यंत येतं ते. पासवर्ड देते."

आता कुठल्याही शहाण्या घरात या वाक्याला "बरं झालं बाई" एवढं एकच उत्तर असतं आणि ही कथा इथेच संपते. पण काकूंनी तोंड उघडायच्या आत फ्यूजकाकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. वर्तमानपत्राची घडी घालून त्यावरून हात फिरवला की समजावं, आता तत्त्व येणार.

"म्हणजे तुझ्या लाइनवर आमचं घर चालवायचं?"

"एका तासापुरतं, काका."

"एका तासाचा प्रश्न नाही. रस्त्यावरच्या तारेला वायर अडकवून घरात वीज ओढली तर आम्ही त्याला आकडा टाकणं म्हणायचो. तिथेही सगळे हेच सांगायचे. साहेब, एका तासापुरतं. कनेक्शन एकाचं आणि वापरणार दुसरा, याला काय म्हणतात?"

"शेजारधर्म?" शिकवणीवाली म्हणाली.

"चोरी!" फ्यूजकाका म्हणाले. "तू देतेस म्हणून तुझी चूक, आम्ही घेतो म्हणून आमची. मी असल्या तारेवर हात ठेवणार नाही. माझ्या फोनमध्ये माझं नेट आहे, माझ्या पैशाचं. तेच मी लॅपटॉपला देईन."

"तेही तेच झालं की. एकाचं दुसऱ्याला."

"ते एकाच घरातलं आहे. ती अंतर्गत जोडणी झाली," फ्यूजकाका म्हणाले. अंतर्गत हा शब्द ऐकला की पूर्वी वरिष्ठसुद्धा पुढे विचारत नसत.

शिकवणीवालीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळ्यांनीच 'जाऊ दे' म्हटलं. संसारात काकूंनी हे इतक्या वेळा म्हटलं होतं की आता त्यांना त्यासाठी ओठ हलवायचीही गरज पडत नसे.

लेकीने फोनवरून हॉटस्पॉट कसा चालू करायचा ते सांगितलं. ते इतकं सोपं होतं की फ्यूजकाकांचा त्यावर विश्वास बसेना. एक बटण दाबायचं, नाव द्यायचं, पासवर्ड द्यायचा, झालं. ज्या कामाला मंजुरी लागत नाही, दोन साक्षीदार लागत नाहीत आणि शिक्का लागत नाही, ते काम झालंच कसं म्हणायचं? तेव्हा त्यात त्यांनी स्वतःची थोडी भर घातली. घरच्या इंटरनेटची निकामी पेटी बंद केली आणि तिचं जे नाव होतं तेच त्यांनी हॉटस्पॉटला दिलं. पासवर्डही तोच, अक्षर न् अक्षर.

"बाबा, वेगळं काहीतरी द्या," लेक म्हणाली.

"कशाला? नवं पाठ कोण करणार? घर एक, नाव एक, पासवर्ड एक. शिस्त म्हणतात याला."

लेकीलाही ऑफिसात काम होतं. तिने वाद घातला नाही, आणि या एका शिस्तीने पुढे जे काही घडवलं ते घडलं.

लॅपटॉपने जुनं नाव पाहिलं आणि न विचारता जोडून घेतलं. काकूंनी तो उघडून सरावाचा उतारा वाचायला घेतला. पलीकडून लेक ऐकत होती. आवाज स्वच्छ, चित्र स्वच्छ. फ्यूजकाका कमरेवर हात ठेवून मागे उभे राहिले. जणू वाचतंय कोण याला महत्त्व नाही, वाचन पुरवतंय कोण याला आहे!

तेवढ्यात तळमजल्यावरचे विमेवाले वर आले. विमा उतरवून घेणारी माणसं कमी होत चालल्यापासून हे गृहस्थ सल्ले देत फिरतात. त्यांच्या सल्ल्याला हप्ता नसतो, एवढाच काय तो फरक.

"फोन असा टेबलावर ठेवलात? छे छे. स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवा, खिडकीत. लहरी गोळा होतात. आमच्या साडूंनी असंच केलं, आता त्यांच्याकडे गच्चीवरसुद्धा येतं."

एरवी फ्यूजकाकांनी विमेवाल्यांचं ऐकलं नसतं. पण पातेलं, धातू, वाहकता, हे सगळं त्यांच्या प्रांतातलं होतं. फोन पातेल्यात गेला, पातेलं खिडकीत गेलं, खिडकीत ऊन होतं. थोड्याच वेळात फोनने 'तापमान जास्त आहे' असं सांगून मान टाकली आणि काकूंचं वाचन एका मोठ्या शब्दाच्या मधोमध तुटलं. फोनला पंख्याखाली ठेवून, ओल्या फडक्याने पुसून, आजाऱ्यासारखी शुश्रूषा केल्यावर तो पुन्हा चालू झाला. विमेवाले म्हणाले, पातेलं तांब्याचं हवं होतं.

पुन्हा जोडल्यावर चारदा फोन वाजला. त्या फोनचं असं होतं की कुणी कॉल केला की नेट थांबायचं. पहिला कॉल विमेवाल्यांच्या साडूंचा, पातेल्याचं काय झालं हे विचारायला. बाकीचे कर्जाची गरज आहे का हे विचारणारे. प्रत्येक वेळी काकूंचा चेहरा पडद्यावर अर्धं तोंड उघडं ठेवून गोठायचा. तो गोठलेला चेहरा लेकीला दिसे, घरात कुणी बघत नव्हतं.

आणि मग, जेवणानंतर, फ्यूजकाकांनी ती गोष्ट पाहिली. फोनच्या पडद्यावर हॉटस्पॉटच्या खाली लिहिलं होतं, जोडलेली उपकरणं दोन.

दोन!

एक लॅपटॉप. दुसरं कोण? त्याच्या नावाच्या जागी नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि अंकांचे तुकडे होते. सभ्य माणसाचं नाव असं असूच शकत नाही, असं फ्यूजकाकांचं तत्काळ मत झालं. त्यांच्या अंगावर काटा आला आणि लाजिरवाणी गोष्ट ही की तो आनंदाचा होता. किती वर्षांनी!

"अगं, आकडा पडलाय."

"कुठे?"

"आपल्यावर. आपलं नेट कुणीतरी ओढतंय. वाचणं थांबव."

"अहो, मी सराव करतेय."

"लॅपटॉप बंद कर. मीटर चाचणी करायची आहे." मीटर चाचणी म्हणजे घरातलं एकूण एक बंद करून बघायचं, तरीही मीटर फिरतो का. फिरला तर समजावं, चोर बाहेर आहे. काकूंनी लॅपटॉप बंद केला. फ्यूजकाकांनी दिवे बंद केले, पंखे बंद केले, दिवाणखान्यातला टीव्ही बंद आहे याची खात्री केली. टीव्हीचा पडदा काळाकुट्ट होता, वर रुमाल घातलेला होता, म्हणजे बंदच होता. त्यांच्या काळी बंद असलेली वस्तू बंद असे. त्यांनी फोनमध्ये पाहिलं. डेटाचा आकडा वाढत होता. भराभर वाढत होता.

"बाहेरचा चोर," ते समाधानाने म्हणाले.

लेकीचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, नुसता पासवर्ड बदला. जो कोणी असेल तो आपोआप तुटेल."

"आणि चोर सुटेल! घरात चोर शिरला तर त्याला पकडायचं सोडून कुलूप बदलायचं?"

"बाबा, आईची परीक्षा आहे चारला."

"तिच्यासाठीच करतोय हे सगळं," फ्यूजकाका म्हणाले, आणि खोटं बोलतोय असं त्यांना अजिबात वाटलं नाही. नवऱ्यांच्या अंगी हा गुण असतो. बायकोच्या नावावर ते काहीही करू शकतात, फक्त बायकोला विचारून करणं त्यांना जमत नाही.

दक्षता पथकाची तत्त्वं कायमची असतात. जो आपणहून देऊ करतो त्याच्यावर आधी संशय घ्यावा. सकाळी कोण देऊ करत होतं? फ्यूजकाकांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि समोरच्या दाराची बेल एक लांब आणि दोन तोकड्या अशी वाजवली. पथक असंच वाजवत असे.

शिकवणीवालीच्या खोलीत पाचसात मुलं समीकरणं सोडवत बसली होती. फ्यूजकाका आत गेले आणि म्हणाले, "तपासणी आहे. सगळ्यांनी आपापले फोन टेबलावर ठेवा."

मुलांनी ठेवले. इस्त्रीच्या सदऱ्याचा दरारा आपल्याकडे अजून आहे. फ्यूजकाकांनी एकेक फोन उचलून उलटासुलटा केला. त्यांना नेमकं काय बघायचं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण मीटरचं सील बघायची सवय असलेला हात आपोआप मागची बाजू चाचपत होता.

"काका," शिकवणीवाली म्हणाली, "माझ्याकडे माझं नेट आहे. तुमच्या फोनमधलं दीडशहाणं नेट मी कशाला चोरीन?"

"आकडे टाकणाऱ्यांच्याही घरी मीटर असायचाच. सगळ्यांत चकचकीत मीटर त्यांचाच असायचा."

"म्हणजे मी चोर?"

"मी नाव घेतलेलं नाही. तपास चालू आहे."

शिकवणीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. मुलांसमोर आलं म्हणून आणखी राग आला. "तपास झाला असेल तर दार तिकडे आहे," ती म्हणाली. फ्यूजकाका बाहेर पडले. खोलीतून हाकलून देणं हा गुन्ह्याचा कबुलीजबाबच असतो असा त्यांचा जुना अनुभव होता, कारण त्यांना सगळीकडूनच हाकलत.

तिथून ते तळमजल्यावर गेले. विमेवाले पाय वर घेऊन फोनवर कुणाच्या तरी पाककलेचा व्हिडिओ बघत होते. फ्यूजकाकांनी त्यांना रंगेहाथ पकडलं.

"हे कुणाचं नेट?"

"माझं."

"पुरावा?"

विमेवाल्यांकडे आयुष्यात प्रथमच कुणीतरी कागद मागितला होता. ते भारावून गेले आणि कपाट उघडून सगळ्या पावत्या काढू लागले. पावत्यांबरोबर एक नवीन योजना निघाली, वयस्कर जोडप्यांसाठी. ती ऐकून घ्यावी लागली. फ्यूजकाका तिथून सुटले तेव्हा त्यांच्या हातात माहितीपत्रक होतं आणि फोनवर संदेश होता: आजची डेटा मर्यादा संपली आहे.

चार वाजायला थोडाच वेळ होता. इथे माणसाने काय करावं? परगावची लेक तिथल्या तिथे थोडा डेटा भरून देऊ शकली असती, आणि ती त्यासाठीच सारखा फोन लावत होती. पण लाइन व्यस्त होती. लाइन व्यस्त होती कारण फ्यूजकाका जिन्यात उभे राहून फोन कंपनीच्या मदतकेंद्राला लावत होते. चोरीची रीतसर तक्रार द्यायला.

आधी भाषेसाठी एक दाबा झालं. मग तक्रारीसाठी चार दाबा. मग तक्रार नसेल तर पाच दाबा. मग संगीत. शेवटी एक माणूस आला.

"आपली काय मदत करू?"

"माझा डेटा चोरीला गेलाय. पंचनामा करायला माणूस पाठवा."

"सर, डेटा तुमच्याच हॉटस्पॉटवरून वापरला गेलाय."

"तेच सांगतोय. कुणी वापरला ते शोधा."

"त्यासाठी सर, ग्राहकांशी बोलावं लागेल. हा क्रमांक एका महिलेच्या नावावर आहे."

फ्यूजकाकांना आठवलं. फोन घेतला तेव्हा ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती, म्हणून क्रमांक आईच्या नावावर घेतला होता. कनेक्शन एकाचं आणि वापरणार दुसरा. त्यांनी तो विचार झटकून टाकला.

"त्या माझ्या आई. त्या वारल्या."

"फार वाईट वाटलं सर. त्यांना फोनवर देता का?"

"वारल्या म्हटलं!"

"हो सर. मग नाव बदलून घ्यावं लागेल. त्यासाठी मूळ ग्राहकांनी ओळखपत्र घेऊन जवळच्या दुकानात यायचं."

"मेलेल्या बाईने?"

"स्वतः यायला जमत नसेल तर संमतीपत्र चालतं, सर."

या माणसाला बोलायचा पगार मिळतो आणि मला गप्प बसायचं निवृत्तिवेतन, असं फ्यूजकाकांच्या मनात आलं. ते बराच वेळ भांडले. वरिष्ठांना द्या म्हणाले, वरिष्ठ आले, वरिष्ठांनीही आईंची चौकशी केली. आपल्या वजनाचा, सेवेचा, पदकाचा उल्लेख फ्यूजकाकांनी केला. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला आणि मग वरिष्ठ म्हणाले, "तक्रार नोंदवली आहे."

घामाघूम होऊन, कुणाकडे न बघता ते घरात आले. दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि थबकले. टीव्ही चालू होता. कुणी चालू केला नव्हता, तो आपणहून झाला होता. रुमालाच्या खालच्या काठापाशी निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसत होती: अद्ययावत करण्याचं काम पूर्ण झालं. आपण संयम दाखवलात, आभारी आहोत.

फ्यूजकाका खुर्चीत बसले. बसल्यावर एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात जुळत गेली. घर एक, नाव एक, पासवर्ड एक. केबल तुटल्यापासून आपलं नेट शोधत असलेल्या टीव्हीला सकाळी ओळखीचं नाव दिसलं, त्याने न विचारता तोंड लावलं आणि दिवसभर, पडदा काळा ठेवून, आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं सगळं ओढून घेतलं. चोर रुमाल पांघरून बसला होता आणि रुमाल फ्यूजकाकांनी स्वतः घातला होता. साऱ्या कारकिर्दीत त्यांनी इतकी स्वच्छ केस पाहिली नव्हती. पकडायला मात्र कुणी नव्हतं.

"अगं," त्यांनी हाक मारली. आता सगळं सुटलं, असं सांगायचं होतं.

उत्तर आलं नाही. टेबलावर लॅपटॉप नव्हता. कंपनीने पाठवलेला माइक नव्हता. कोमट पाण्याचा पेला नव्हता. घड्याळात चार वाजून गेले होते.

ते दाराबाहेर आले. जिन्यावर विमेवाले बसले होते, वरच्या मजल्यावरची दोन माणसं होती, वर्गातली मुलं पायऱ्यांवर वह्या मांडीवर घेऊन बसली होती.  समोरचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून काकूंचा आवाज येत होता.

काकू वाचत होत्या. काय वाचत होत्या ते फ्यूजकाकांना नीट कळलं नाही, कुठल्याशा म्हाताऱ्या न्हाव्याची गोष्ट होती, पण न्हावी दिसत होता. त्याचा वस्तरा, त्याची खोकल्याची उबळ, त्याचं रागावणं. एक मुलगी हळूच हसली आणि विमेवाल्यांनी तिला बोटाने गप्प केलं. फ्यूजकाका दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. अशा किती दारांतून ते न विचारता आत शिरले होते! या दारातून दुपारी दोनेक तासांपूर्वीच शिरले होते. आता त्यांचं पाऊल उचलेना. त्यांना लाज वाटली. ही भावना त्यांच्या ओळखीची नव्हती, त्यामुळे आधी त्यांना वाटलं, चढून आल्यामुळे धाप लागली असेल.

शिकवणीवालीने त्यांना पाहिलं. दार लावून घेतलं असतं तरी चाललं असतं. तिने ते आणखी थोडं उघडलं. त्यामुळे काकूंना दारातला नवरा दिसला, आणि काकूंच्या लॅपटॉपमधला आवाज फ्यूजकाकांना ऐकू आला.

"छान," लॅपटॉपमधल्या बाई म्हणाल्या. "आता उतारा बाजूला ठेवा. आमच्या कथांमध्ये रागावलेल्या बायका फार असतात आणि वाचणाऱ्या सगळ्या ओरडतात. तुम्ही कागदाशिवाय, मनाने रागावून दाखवा. समोर कुणीतरी आहे असं समजा."

काकूंनी पाण्याचा घोट घेतला. समजायची गरज नव्हती.

"उभे का? बसा," काकू म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नव्हता. "आयुष्यभर तुम्ही लोकांच्या घरात शिरलात आणि विचारलंत, कुणी काय चोरलं. आपल्या घरात कधी विचारलं नाहीत. मी सासूबाईंना वाचून दाखवायचे. तुम्ही शेजारच्या खोलीत असायचात. इतक्या वर्षांत एकदा उठून आलात. मला वाटलं, ऐकायला आलात. तुम्ही म्हणालात, जरा हळू वाच, बातम्या ऐकू येत नाहीत. मी हळू वाचलं. सासूबाईंना तेव्हापासून अर्धं ऐकू यायचं नाही, पण त्या कधी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. ती आपल्याकडे पद्धतच पडली."

काकूंनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला.

"आज तीन माणसांना माझा आवाज ऐकायचा होता. तीन माणसांना! मी त्यांची नावं पाठ केली होती. आणि तुम्ही जिन्यात फिरत होतात, ज्या पोरीने दार उघडं ठेवलं तिला चोर ठरवत. तुमचा डेटा गेला म्हणून तुम्ही हळहळताय. अहो, तो उद्या सकाळी पुन्हा येतो. रोज येतो. माझी ही दुपार येणार होती का पुन्हा?"

त्या थांबल्या. पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला, तेवढाच.

 लॅपटॉपमध्ये कुणीतरी नाक ओढलं. मग त्या बाई म्हणाल्या, "कुठल्या नाटकातलं आहे हे?"

"नाटकातलं नाही."

"मग कुणी लिहिलंय?"

"अजून कुणी नाही."

"बाई, आमच्याकडे एक लांबलचक कादंबरी कधीची पडून आहे, आवाज मिळत नाही म्हणून. ती तुम्हीच वाचायची. फक्त एक विचारते. तीत असे प्रसंग पानोपानी आहेत. एवढा खरा राग पुन्हा पुन्हा आणता येईल ना?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. फ्यूजकाका इस्त्रीचा सदरा चोळामोळा करत, विम्याचं माहितीपत्रक हातात धरून, मान खाली घालून उभे होते.

"हवा तेवढा," काकू म्हणाल्या. "घरचाच आहे."